बरडावरची वीतभर माती

माय, मागच्या आठवड्यात बरडावर जाऊन आले. तू गेल्याला अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी त्या वावराच्या वरच्या अंगाला एकदाही चढले नव्हते. किन्हीराजाला बसमधून उतरायचं, घरी चहा घ्यायचा, टेकडीखालचं काळं वावर पाहायचं आणि ऊन झालं म्हणून परत फिरायचं, असंच चाललं होतं. ऊन हे निमित्त होतं. तुझ्यापुढे माझी निमित्तं कधी टिकली नाहीत, म्हणून तुलाच लिहायला बसले आहे.

बाबा लवकर गेले आणि दोन्ही वावरं तुझ्या शब्दावर चालू लागली. काळ्याची तुला फारशी काळजी नसायची. जीव होता तो उतारावरच्या दीड एकर बरडात. वर वीतभर तांबूस माती, खाली पिवळा मुरूम, त्याच्याखाली खडक. चार दिवस पावसानं दडी मारली की काळ्यातली तूर डुलत असायची आणि बरडावरचा मूग माना टाकायचा. चुलीतले निखारे ओढायची जी लोखंडी सळई होती, तीच घेऊन तू वखरणीच्या आधी बरडावर जायचीस. दहा-बारा ठिकाणी ती खुपसायचीस, खट्ट लागलं की सळईवर बोट धरून वर ओढायचीस आणि मला दाखवायचीस. "पाह्य, इथं चार बोटं. इथं वीत. वखर इथं हलक्या हातानं घ्या लागते." वखरानं माती वरवरच हलते; खोल जाणारा नांगर तर बरडाला लावायचाच नाही. शेणखतसुद्धा तू एका वेळी टाकत नसायचीस, तीन खेपांनी टाकायचीस. मी काहून म्हणून विचारलं की म्हणायचीस, "बरड म्हंजे उपाशी लेकरू हाये, बाई. एकदम ताट भरून देऊ नोको. थोडं थोडं अन् घडीघडी दे."

मिरगाच्या आधीचे आठ दिवस टोपल्यांचे असायचे. वर्षभरात पावसानं धुऊन नेलेली बारीक माती खालच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, साचायची. ती खरवडायची, टोपल्यात भरायची, डोक्यावर घेऊन पुन्हा वर न्यायची आणि जिथे मुरूम उघडा पडला असेल तिथे पसरायची. शेजारचे हसायचे. दरसाल खाली येणारी माती ही बाई दरसाल वर काय नेते म्हणायचे. तू पदरानं घाम पुसून म्हणायचीस, "सासरी गेलेली पोरगी बी दिवाळीले माहेरी येतेच ना? मंग माती आली तं काय झालं?"

पुढे मी शेतकी शिकले आणि तुझ्या बरडाला पुस्तकातली नावं मिळाली. एकदा आम्हाला शिकायला तेलंगणाकडच्या डोंगरात नेलं होतं. तिथला दगड आपल्यासारखा काळा नाही, ग्रॅनाइट आहे. तो वर्षानुवर्षं ऊन-पाण्यानं कुजतो आणि त्याची माती होते, जाड्या रव्यासारखी, हातात घेतली की त्यात काचेसारखे कण चमकतात. त्या कणांचं काही विरघळत नाही, ते पिकाला काही देत नाहीत. पाणी चाळणीतून जावं तसं निघून जातं आणि जाताना खताचा कस घेऊन जातं. माथ्यावर माती चार बोटं, पायथ्याशी हातभर. सर सांगत होते आणि मी खड्ड्यात उतरून पाहिलं, तर मुळं वीतभर खाली जाऊन दगडाला टेकली होती आणि मग आडवी पसरली होती. दगड वेगळा, रंग वेगळा, पण दुखणं आपल्याच बरडाचं. सगळ्यांच्या आधी मी उत्तरं दिली त्या दिवशी. ती तुझी होती हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

मग माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्याच उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी आले. तू लग्नाला मंगरूळपीरला मावशीकडे गेली होतीस, दादा कामासाठी बाहेरगावी होता. काळ्या वावरात कुंद्याचं चिवट गवत माजलं होतं म्हणून ट्रॅक्टर बोलावला होता, आणि तिथे खोल नांगरट बरोबरच होती. पण तिथलं काम दुपारीच आटोपलं आणि मला हुक्की आली. ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, वरचंही नांगरून टाका, खोल. म्हातारा होता बिचारा. इंजिन बंद करून म्हणाला, "बाई, बरडात नांगर? मायले पुसलं का?" मी म्हटलं, "मी सांगते ना!" नवी नोकरी, नवी ऐट. नांगराचा फाळ दगडाला घासून करकरत होता आणि मी धुऱ्यावर पाटलिणीसारखी उभी होते.

तू बसमधून उतरलीस ती पिशवीसकट वावरात आलीस. सगळं बरड पिवळं झालं होतं. माती खाली दडपली गेली होती आणि मुरूम वर आला होता. तू एक ढेकूळ हातात घेतलंस, ते भुगा होऊन बोटांतून गळालं. "सळई घालून पाह्यली होती?" मी नाही म्हटलं. "मंग?" एवढंच. मला मारलं असतंस तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी दादा आला. ओसरीवर चपला न काढताच ओरडला, "कोनं केलं हे?" मी चहा गाळत होते. तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "मीच सांगतलं ट्रॅक्टरवाल्याले. गवत लय झालं होतं." दादा म्हणाला, "बुढीची अक्कल गेली." मी कप भरले. तो बाहेर गेल्यावर तू हळूच म्हणालीस, "तू काही बोलू नोको. लोकं आताच कुठं तुह्याजवळ माती घेऊन येऊन राह्यले. घरचंच वावर नासवलं म्हनतीन, तं कोन येईन?" मला ते पटलं, माय. सोयीचं होतं म्हणून पटलं. त्या सालापासून वखर कधी, पेर कधी, बियाणं कोणतं, हे दादानं तुला विचारलं नाही. तू उंबऱ्यात बसून त्याचं आणि गड्यांचं बोलणं ऐकायचीस आणि मिरगाच्या आधी एकटीच टोपलं घेऊन बरडावर जायचीस. मरेपर्यंत गेलीस.

मागच्या आठवड्यात दादा मला मुद्दाम वर घेऊन गेला. तीच सळई त्याच्या हातात होती. माथ्यावर खुपसली, बोट धरून ओढली. वीत आणि वर दोन बोटं. तो हसला, डोळे भरले होते त्याचे. "मायनं एक डाव चुकी केली अन् जलमभर टोपल्यानं भरून काढली," म्हणाला. मला ते ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टर, म्हातारा, चहा, सगळं.

तो धुऱ्यावर खाली बसला. बराच वेळ मुरमाचे खडे निवडत राहिला. मग म्हणाला, "मी तिले वावरातलं पुसनंच सोडलं होतं. एक डाव ती म्हने, औंदा उडीद लाव. मी म्हटलं, तू चूप बस." मी काहीतरी बोलायला गेले तर हातानंच थांबवलं. घरी आलो तर तो जेवला नाही. सळई मात्र त्यानं चुलीपाशी, तुझ्या जागेवर नेऊन ठेवली.

काल त्याचा फोन आला. "आयतवारी ये. धुऱ्याची माती वर न्या लागते." मी जाणार आहे. टोपलं डोक्यावर घेऊन चढायची सवय राहिली नाही, पण जाणार आहे.

हे पत्र घडी करून मातीच्या नमुन्याच्या कापडी पिशवीत ठेवते आहे, बरडाची माती आणली होती तिच्यातच. तुझ्यावरचा ठपका पुसावा म्हणून मी दादाला सांगितलं, असं दोन दिवस स्वतःला समजावत होते. खरं तर मला माझ्या छातीवरचं ओझं उतरवायचं होतं. त्याला ते कितपत झेपेल, हे सांगण्याआधी मी पाहिलं नाही. सळई याही वेळी घातली नाही, माय.