नानांचा एक शब्द

१६ जाने. ४४, सातारा
कचेरीला सुट्टी. दिवसभर मागल्या पत्र्याखाली लेथवर. पायाने चालवायचा, पोटऱ्या भरून आल्या. छोट्या इंजिनाचा सिलिंडर पुरा झाला. पितळेत मिशा दिसतात.

लेथ नानांचा. दिवाळीनंतर सांगलीला त्यांना अर्धांग झालं, तेव्हा बाप आणि लेथ एकाच ट्रकमधून घेऊन आलो. लेथ उत्तम स्थितीत आहे.

सिलिंडर त्यांच्या हातात नेऊन दिला. वाचा गेली असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फिरवला, आत बोट घातलं, म्हणाले, "परत."

खोड काढायला वाचा बरोबर आली.

२३ जाने.
दुसरा सिलिंडर. "परत." उजेडात धरला तर खरंच आत एक ओरखडा. म्हाताऱ्याला दिसला कसा?

दिसायचाच. सांगलीच्या कारखान्यात फोरमन होते. मी कानशीने घासून आणलेला पहिला ठोकळा त्यांनी चार माणसांदेखत शेणात फेकला. "तुझे हात दौत धरायचे." धरली दौत. वीस वर्षं धरतोय.

पण हे इंजिन म्हणजे त्यांच्याच कारखान्यातलं वाफेचं इंजिन, दहाव्या हिश्शाचं. ते डोळे मिटायच्या आत त्यांच्यासमोर फिरवून दाखवणार. मग बोला म्हणावं.

२ फेब्रु.
पितळ मिळेना, लढाईत सगळं जातंय. सौ.ची माहेरची घागर गणपा ओताऱ्याकडे नेली.

"आवं रावसाब, तिसरा सिलिंडर? आदीच्यात काय वाईट व्हतं?"

म्हटलं, वडिलांना पसंत नाही.

"त्यास्नी कवा काय पसंत पडलंय व्हय?" हसला. सांगलीला त्यांच्या हाताखाली काढलीत त्याने काही वर्षं.

सौ. सकाळपासून बोलत नाही. घागर रिकामीच होती की.

१३ फेब्रु.
घागरीचा सिलिंडर, परत. दट्ट्या, परत. चाक, परत. डोक्यात तिडीक गेली. ओरडलो, "काय चुकलं ते तरी सांगा."

"परत."

सौ. भात भरवायला आली होती. ताट खाली ठेवून म्हणाली, "मामंजींना तेवढंच येतं. पाणी हवं, परत. कूस बदलायची, परत. परवा कावळ्याला म्हणाले. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

आधी बोलायचंस.

"तुम्ही कधी विचारलंत?"

महिनाभर मी कावळ्याबरोबरीने हुकूम झेलत होतो. संताप संताप झाला. जेवलो नाही.

१४ फेब्रु.
आज मजा केली. नानांच्या पेटीतली पितळी तोटी काढली. तरुणपणी त्यांनी स्वतः केलेली, साहेबाने वाखाणलेली. हिच्यावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली. दिली हातात. "कशी झालीय, नाना?"

"परत."

पोट धरून हसलो. पुन्हा दिली. पुन्हा तेच. चांगलं चार वेळा केलं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते आजारापासून येतंच. ओळखली का तोटी, कोण जाणे.

सौ. दारात. "माणूस आहात का तुम्ही?"

बऱ्याच दिवसांनी झोप छान लागली.

२० फेब्रु.
आता कोणाला विचारणं नाही. पहिलाच सिलिंडर लावला, त्यात काही वाईट नव्हतं. घागरीचा फळीवर पडून आहे. सौ. झाडताना तो उचलून पुसते, मला दाखवून. दट्ट्या सुरेख बसला.

५ मार्च
फिरलं.

नानांच्या अंथरुणाशी स्टूल ओढून त्यावर मांडलं. खाली स्पिरिटचा दिवा. वाफ धरली, चाकाला बोट लावलं नि सुटलं. आऱ्या दिसेनात इतकं. मला रडू आलं हे इथे लिहून ठेवतो, बाहेर सांगणार नाही.

नाना वाफ संपेपर्यंत बघत होते. मी वाट पाहत होतो. ते 'परत' म्हणाले की काय ऐकवायचं तेही ठरवलं होतं, आठवडाभर घोळवलेलं.

काही बोलले नाहीत.

पाणी भरून पुन्हा चालवलं. "नाना?" नुसते बघतात. तिसऱ्यांदा चालवलं. म्हटलं, बोला, जे येतं ते बोला. खांदा धरून गदगदा हलवलं. सौ.ने माझी बोटं सोडवली. खांद्यावर वळ उठलेत म्हणाली.

६ मार्च
सकाळी सौ. चहा घेऊन आत गेली. मी दाराआड उभा. पहिली बशी संपली नि आवाज आला, "परत." स्वच्छ.

म्हणजे शब्द आहे. कावळ्याला आहे, चहाला आहे.

सौ. म्हणते, त्यांना आवडलं असेल, म्हणून गप्प राहिले. असेल. किंवा शेणात टाकायच्याही लायकीचं वाटलं नसेल. विचारून उपयोग नाही.

कचेरीत आज येत नाही म्हणून निरोप धाडला. इंजिन खोलून बाकावर मांडलंय. सिलिंडर ठीक. दट्ट्या ठीक. चाक मात्र जरा डगमगतं असा संशय येतो. ते लेथवर चढवतो आहे.