पिठासारखी चटणी

तीर्थरूप आईस, सोलापूरहून अपेक्षाचा नमस्कार.

मी बरी आहे, मेसचं जेवणही बरं आहे. फोनवर अप्पा शेजारीच असतात, म्हणून ही चिठ्ठी रिकाम्या डब्यात घालून पाठवतेय.

वर्गात कादंबरी शिकवताना मॅडम म्हणाल्या, बाईला बोलता येत नाही तेव्हा लेखक तिचा राग एखाद्या वस्तूतून दाखवतो. मला आपलं उखळ आठवलं. अप्पा ओरडले की तू शेंगाचटणी कुटायला बसतेस आणि थांबतच नाहीस.

यावेळची चटणी लई बारीक आलीय गं, अगदी पिठासारखी. काय झालं? गुडघा कसा आहे?

सांगता येत नसेल तर राहू दे. मी यावं असं वाटलं, तर पुढच्या डब्यात शेंगदाणे न कुटताच पाठव. सांगोल्याची पहिली एसटी धरते.

तुझीच,
अपेक्षा