बारावं पिंप

ती. बाबा, तुम्हाला नमस्कार, आणि आईच्या चष्म्याला दंडवत, कारण तुमच्या डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत पत्रं तीच वाचून दाखवणार.

तुम्ही विचारलंत, वादळात तुमच्या यंत्रांचं काय होतं? लाटांवर डुलत वीज करणारी आमची पिंपं आहेत, खोलीएवढी. लाटा दोन पुरुष उंच झाल्या की त्यांच्या पोटात पाणी भरायचं आणि तळाशी बसवायचं. वर समुद्राला काय थयथयाट करायचाय तो करू दे. वादळ सरलं की हवा भरायची, पिंप वर. परवा बाराच्या बारा वाचली. मी किनाऱ्यावरच्या खोलीत बसून नुसती बटणं दाबते, त्यामुळे काळजी नको.

आई, आता पुढचं मनातच वाच. बारावं पिंप बटणाला दाद देईना, झडपेत शेवाळ अडकलं होतं. वादळाला दोन तास होते, म्हणून बोटवाल्याला घेऊन मीच गेले. झडप हाताने उघडली, तेवढ्यात पिंप हेलकावलं आणि उजवं मनगट मोडलं. हे डाव्या हाताने लिहितेय. बाबांची पट्टी सुटेल तोवर माझं प्लॅस्टरही सुटेल, मग सांगू.

हं, आता मोठ्याने वाच. बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? जिन्यावरून एकटे उतरू नका.

आणि आई मघाशी वाचता वाचता थांबली असेल, तर तिला माझं अक्षर लागलं नाही, एवढंच समजा.

तुमची,
धाकटी