तिघींची लाळ

२१ मे २०१९

वही वकीलबाईने दिली. "आजी, रोज घडेल ते लिहा. कोर्टात उपयोगी पडेल." चर्चच्या वर्गात चार महिने अक्षरं गिरवली, तेवढीच माझी शाळा. लिहीन. तिला दाखवणार नाही!

आज काही घडलं नाही.

२३ मे

आधी घडलं ते लिही, म्हणते हासिंता. तर – मार्सेलाला घेऊन मी आमच्या देशातल्या डोंगरातून उत्तरेच्या सीमेवर आले. मार्सेला आठ वर्षांची. माझ्या लेकीची, हासिंताची लेक. पण दाखल्यावर आई म्हणून नाव माझं. आमच्याकडे असंच करतात. पोरगी बिनलग्नाची, उत्तरेला कामाला निघालेली – मूल आजीच्या नावावर लावायचं, विषय संपला. नोंदणीचा कारकून म्हणाला होता, "एक्कावन्नाव्या वर्षी, तोमासाबाई?" म्हटलं, डोंगराचं पाणी चांगलं आहे. हसला, शिक्का मारला. मार्सेला मला आई म्हणते, हासिंताला ताई.

सीमेवर शिक्का कुणी बघेना. दोघींच्या गालात कापसाची काडी फिरवली. दीड तासाने म्हणाले, "ही तुमची मुलगी नाही." तिला एका दाराने नेलं, मला दुसऱ्या. सव्वीस दिवसांनी, मी कुठे जाते ते सरकारला कळवणारा पट्टा माझ्या पायात अडकवून मला इथे ह्यूस्टनला, हासिंताकडे सोडलं. मार्सेला अजून पोरांच्या निवाऱ्यातच.

२६ मे

पट्टा बोलतो! ऐन प्रार्थनेत म्हणाला, बॅटरी संपत आली. पाद्री थांबला. सगळे माझ्या पायाकडे बघायला लागले.

रोज भिंतीशी वायर लावून बसायचं. हासिंता प्लग लावते आणि दटावते, "दोन तास हलायचं नाहीस, आई." खुंटीला बांधलेली शेळी बरी, तिला चारा तरी घालतात.

२९ मे

मार्सेलाचा फोन. दहा मिनिटं मिळतात.

"आई, इथल्या टॉर्टिया मक्याच्या नाहीत."

"मग चार जास्त खा."

"ताईला सांग, माझा दात पडला."

सांगितलं. हासिंता मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. कितीतरी पाणी वाया!

३ जून

कोर्ट. सरकारी वकील म्हणाला, ही बाई मूल पळवणारी. आमची म्हणाली, ही आजी आहे. "मग दाखला खोटा?" "दाखला खरा, मजकूर तेवढा..." कागदावर मी आई, पण लाळेत नाही. लाळेत हासिंता निघेल, पण कागदावर ती बहीण. जज चष्मा पुसत राहिला.

संध्याकाळी टीव्हीवर दोन टायवाले आमच्यावरून भांडत होते. एकाला भिंत हवी, एकाला माणुसकी. मार्सेला कुठे आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं.

४ जून

जजला आता तिघींची लाळ हवी. आजी, आई, नात – एका ओळीत निघाल्या की वाद मिटला.

मी वकीलबाईला विचारलं, "लाळेत किती दिसतं?"

"सगळं दिसतं, आजी."

म्हटलं, हासिंताची घ्या. माझी मिळणार नाही.

६ जून

हासिंता दोन दिवस बोलली नाही. आज भांडी आपटत म्हणाली, "लपवतेस काय एवढं? बाबांशिवाय आणखी कोणी होता की काय?"

"एकच जड जात होता."

हसली नाही.

८ जून

वकीलबाई येऊन गेली. मी नाही म्हटलं तर सरकार म्हणणार, बघा, चोर. मग मार्सेलाला हासिंताकडे देणार नाहीत.

९ जून

फोन. "आई, इथली बाई म्हणते, ताईकडे जमलं नाही तर दुसरं घर बघतील. त्यांच्याकडे कुत्रा आहे."

तिला कुत्रे आवडतात.

१० जून

काडी दिली.

१९ जून

वकीलबाईने कागद वाचला. मार्सेला हासिंताचीच, पक्की. शुक्रवारी सोडतील. पुढे वाचता वाचता अडखळली, पुन्हा वाचलं. मार्सेला माझी कुणी नाही. हासिंताही नाही.

म्हटलं, बरोबर आहे. ब्याऐंशी साली फौज गावात आली, आम्ही ओढ्यात लपलो. शेजारची बाई नंतर उठली नाही. तिच्या पाठीवर, शालीत बांधलेली होती हासिंता.

पट्टा बोलला – बॅटरी.

हासिंता उठली. वायर आणली, खाली बसून प्लग लावला. माझा पाय बराच वेळ धरून ठेवला.

"दोन तास हलायचं नाहीस, आई."