वरून येणारा दगड

१९ ऑगस्ट १९८४
माय आज रडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार — जाम नदीच्या या काठावर आपलं पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. मागच्या वर्षी डोकं फुटलं, तरी वसंतभाऊ यंदाही जाणारच! माय मला म्हणाली, "तू येवढी शिकून राहिली, तं थांबव त्याले."
थांबणार तर नाही. पण यंदा त्याचं डोकं मी फुटू देणार नाही. बस्स.

२१ ऑगस्ट
पुंडलिकराव सरांना विचारलं. सर राहतात सावरगावात, शिकवतात आमच्या शाळेत, आणि गोटमारीत उभे तिकडच्या बाजूने! हसले, पण फळ्यापाशी गेले. सेकंदाला वीस मीटर वेगाने फेकलेला दगड बत्तीस मीटरवर पाडायचा, तर कोन किती? वर्गसमीकरण आलं: २t² − ५t + २ = ०. t म्हणजे कोनाचा टॅन. उत्तरं दोन — अर्धा आणि दोन! दोन्ही खरी, सर म्हणाले. एक दगड सरळ येतो, एक उंचावरून. सरळ येणाऱ्याकडे सगळे पाहतात.
भाऊच्या जखमेची खूण डोक्याच्या मधोमध आहे. वरचाच होता तो!

२२ ऑगस्ट
दोन्ही दगडांना लागणारा वेळ काढला. सरळ येणारा, म्हणजे खालचा, पावणेदोन सेकंदांत पोचतो, वरचा साडेतीन. म्हणजे आधी वरचा फेकला आणि पावणेदोन सेकंदांनी खालचा, तर दोन्ही एकदमच अंगावर! वर पाहावं तर खालचा लागतो.

२४ ऑगस्ट
भाऊ ऐकेना. पोरीचं गणित म्हणे! मग संत्र्याच्या बागेत उभा केला आणि ढेकळं फेकली, आधी उंच, मग सरळ. सरळ आलेलं छातीवर फुटलं. तेव्हा कुठे "पुन्हा फेक," म्हणाला. अंधार पडेपर्यंत शिकवलं — वरचा दिसला की बाजूला सरकायचं, नजर लगेच खाली.

२६ ऑगस्ट
पोळा. पुरणपोळी गोड लागली नाही.

२७ ऑगस्ट
भाऊ आला! खरचटलंसुद्धा नाही! माय देवापुढून उठेना. मी किती खूश आहे!
जेवताना भाऊ सांगत होता, "तुह्यं गणित लय कामाचं, प्रेमे. आधी वरचा फेकला, पलीकडचा एक जण वर पाहून राहिला होता, तेवढ्यात खालचा देल्ला."
मी म्हटलं, ते वाचण्यासाठी शिकवलं होतं. तो हसला आणि भात वाढ म्हणाला.

१७ सप्टेंबर
सर नागपूरच्या दवाखान्यातून परतले. डावा डोळा गेला. गोटमारीत कोणी मारलं हे कोणी कोणाला विचारत नाही, तशी रीतच आहे. वर्ग सुटल्यावर मला थांबवलं.
"वरचा दिसला होता मले, प्रेमलता. मंग खालचा त्याच वेळेस कसा आला, ते मांडून दाखव."
मी खडू घेतला.