गोळी मीच बंद केली

३ फेब्रुवारी, सोमवार
फास्टिंग शुगर ११८. डॉ. नगरकर म्हणाले, डायबेटिस नाही. पण इन्सुलिन आहे आणि शरीर त्याचं ऐकत नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स. शिवाय घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्यानेही शुगर चढते. मी घाबरलो नव्हतो. चपला मात्र दुसऱ्याच्या घालून आलो.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
संकल्प : आजपासून घाबरायचं नाही. शुगर १२४. परत मोजली. १३१. मशीन खराब.

६ फेब्रुवारी, हिंजवडीच्या बसमध्ये
बस तासभर जागची हलली नाही, तेवढ्यात मोबाइलवर शोध लागला. बीपीसाठी दोन वर्षं घेतोय ती गोळी बीटा ब्लॉकर आहे. अ‍ॅड्रेनलिनला हृदयापाशी अडवते. पण या जातीच्या जुन्या गोळ्यांनी इन्सुलिन रेझिस्टन्स वाढू शकतो! घरी बायकोला सांगितलं. पूर्णिमा म्हणाली, डॉक्टरांना फोन कर. एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास? त्यांनी इंजेक्शनच सुरू केलं तर, असं काही मनात आलं नाही.

७ फेब्रुवारी
गोळी बंद. पूर्णिमाला सांगितलेलं नाही. उगीच काळजी करते.

८ फेब्रुवारी
एकदम हलकं वाटतंय. छातीत धडधड. उत्साह असावा.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३
नाडी १२८. बीपी १७८/१०८. शुगर १५२. गोळी बंद, तरी वाढली कशी? पूर्णिमा भाजी आणायला गेलीय. फोन उचलत नाही. घाबरलेलो नाही. फक्त दार सताड उघडून बसलोय, नेणाऱ्यांना सोपं पडावं.

१० फेब्रुवारी, हॉस्पिटल
हार्ट अटॅक नाही. डॉ. नगरकर म्हणाले, ही गोळी अशी एकदम थांबवत नाहीत. अडवलेलं अ‍ॅड्रेनलिन दुप्पट जोराने येतं, जीवावर बेतू शकतं. शंका मात्र बरोबर होती म्हणे. त्याच जातीची, शुगरला फारसा धक्का न लावणारी गोळी मिळते. "फोन केला असतात तर दोन मिनिटांत बदलून दिली असती. का नाही केलात?"
म्हटलं, तुम्ही बिझी असाल.
पूर्णिमा म्हणाली, "खोटं. हा तुम्हाला घाबरतो."
कोणीच हसलं नाही. पूर्णिमा तर खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

१२ फेब्रुवारी
नवी गोळी पूर्णिमाच्या ताब्यात. गिळल्यावर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवावी लागते.
दाखवली.