चौरंगावरील युकुलेले

॥ श्री ॥
तेलीबाग, लखनौ
दि. २० एप्रिल २०२५

चि. चंद्रहास यास अनेक आशीर्वाद.

आपली नात दीप्ती सायंकाळच्या स्तोत्रास बसेनाशी होऊन दोन वर्षे झाली. आता म्हणते, आणि तेही हिंदीत, युकुलेले आणल्यास बसेन. चार नायलॉनच्या तारांचे, संध्येच्या पळीसारखे हे ध्यान! अमीनाबादच्या दुकानदाराने लॅमिनेटचा आग्रह धरला: पातळ पापुद्रे गोंदाने डकवायचे आणि वर उत्तम लाकडाची कातडी. भगवे पांघरलेला भोंदूच तो. मी अखंड लाकडाचे, सॉलिड घेणार. तू मिरजेस तंबोरे दुरुस्त करतोस म्हणून विचारतो. मत विरुद्ध नसावे.

लोभ आहेच, तो जपून वापरावा.
पंढरीनाथ

मिरज
दि. २५ एप्रिल

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

मत विरुद्धच आहे. सॉलिडचा नाद खुलतो हे खरे. पण ते हवेबरोबर आकसते, फुगते. तुमच्याकडे मे-जूनमध्ये लूचे तापलेले कोरडे वारे, जुलैत भिंतींना पाणी. लॅमिनेटचे उभे-आडवे पापुद्रे एकमेकांस धरून राहतात. दुकानदार शहाणा आहे. हट्टच असेल, तर पेटीत ओलसर स्पंज ठेवा आणि वाद्य दिव्याच्या धगीपासून दूर. उभा जन्म रेल्वेत रुळांच्या सांध्यांत फटी ठेवल्यात. लाकडाला मात्र ती मुभा नाही?

रागावलात तरी पत्र पाठवावे.
आपला चंद्रहास

तेलीबाग
दि. ५ मे

चि. चंद्रहास यास आशीर्वाद.

तंबोऱ्यांना ठिगळे लावता लावता तुझ्या बुद्धीलाही लागलेली दिसतात. सॉलिड घेतले. अक्षय्यतृतीयेस गंधाक्षता वाहून देवघरात, नंदादीपाशेजारी चौरंगावर ठेवले. बेचाळीस दिवसांचे अनुष्ठान संपेतो ते तेथून हलणार नाही. दीप्तीने तेथेच बसून वाजवावे. स्पंज म्हणे! तहान लागणारे वाद्य मी पाहिलेले नाही. पोर रोज माझ्याशेजारी बसून गाते. तुझ्या विद्येला एवढे उत्तर पुरे.

शहाणपण आले असल्यास कळवावे.
पंढरीनाथ

तेलीबाग
दि. १४ जुलै

चि. चंद्रहास यास आशीर्वाद.

अनुष्ठानाचे चार दिवस उरले असता युकुलेलेची तबली, म्हणजे वरची फळी, उभी चिरली. दीप्ती रडली नाही. “वाद्य माझ्यासाठी आणले होते की देवासाठी?” एवढेच तिने विचारले. चाळीस वर्षे गीता वाचणारा मी चिरलेली तबली पुसत बसलो. त्यानंतर ती महिनाभर देवघराकडे फिरकली नाही.

अखेर गेल्या आठवड्यात तिला रिक्षाने अमीनाबादेस नेले आणि निवडू दिले. तिने लॅमिनेट उचलले. दुकानदार हसला, त्यास मी क्षमा केलेली नाही. त्या चिकटवलेल्या फळकुटाला मी वाद्यही म्हणत नाही, जरी भर पावसात त्याचा सूर हलत नाही. मी त्याला हात लावायचा नाही, आणि ते तिच्याच खोलीत राहील, अशी तिची अट आहे. म्हणून सायंकाळी मीच आसन उचलून तिकडे जातो. काल स्तोत्रात माझा सूर ढळला, तर तिने मला थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले.

म्हटले.

तुझा दादा
पंढरीनाथ